वाचक विचारतात : जोई डनलॉप, टू-स्ट्रोक आणि पन्हाळ्याची वाट

2 जुलै हा मोटारसायकल शर्यतपटू जोई डनलॉपचा स्मृतिदिन. तो जवळ आला की टपालात त्याचं नाव हमखास येतं. या वेळच्या निम्म्या पत्रांत त्याच्या आठवणी आहेत आणि निम्म्यांत स्वतःच्या आरएक्सच्या (यामाहाची जुनी टू-स्ट्रोक) तक्रारी. दोन्ही एकत्रच घेतलं आहे, कारण जोईचे चाहते आणि टू-स्ट्रोकवाले बहुतेक एकच असतात.

आमच्या कट्ट्यावर दरवर्षी वाद होतो. एक गट म्हणतो जोई पाच वेळा जगज्जेता, दुसरा म्हणतो तो कधी जीपी (ग्रां प्री) जिंकलाच नाही. खरं काय? आणि त्याचा 26 चा विक्रम मोडला म्हणतात, तो कुणी?
– वाचक, शिवाजी पेठ

दोन्ही गटांचं बरोबर आहे. 1976 नंतर आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटीचा (टूरिस्ट ट्रॉफी) ग्रां प्री दर्जा गेला. सार्वजनिक रस्त्यावरची ही शर्यत फार धोक्याची, म्हणून मोठ्या रायडर्सनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. बदल्यात 1977 पासून टीटी फॉर्म्युला वन ही वेगळी जागतिक मालिका सुरू झाली. जोईने ती 1982 ते 1986 अशी सलग पाच वर्षं होंडावर जिंकली. 1982 मध्ये तर मालिकेत तीनच शर्यती होत्या : आइल ऑफ मॅन, पोर्तुगालमधलं विला रियाल आणि उत्तर आयर्लंडमधलं अल्स्टर. तेव्हा आजच्या मोटोजीपीच्या जगज्जेतेपदाशी त्याची तुलना करू नका. मोटोजीपीत ट्रॅक असतो, कडेला खडीची पट्टी असते. जोईच्या शर्यतीत कडेला दगडी गडगा आणि लोकांच्या घराच्या भिंती.

टीटीत तो 26 वेळा जिंकला. पहिला विजय 1977 चा, शेवटचे तीन एकाच आठवड्यातले, जून 2000 मधले : फॉर्म्युला वन, 250 सीसी आणि 125 सीसी. तेव्हा वय 48. पुढच्याच महिन्यात, 2 जुलैला, एस्टोनियात तालिनला पावसात 125 ची शर्यत चालू असताना तो गेला. 26 चा आकडा 2024 मध्ये मायकेल डनलॉपने ओलांडला. तो जोईचा पुतण्या, म्हणजे रॉबर्टचा मुलगा. विक्रम घरातच राहिला, एवढं दुसऱ्या गटाला सांगायला हरकत नाही.

टीटीचा एक फेरा किती लांब? इथल्या अंतरात सांगा.
– वाचक, कसबा बावडा

60.7 किलोमीटर. कोल्हापुरातून निघून गगनबावडा गाठायचा आणि पुढं थोडा घाट उतरायचा, एवढं. वळणं दोनशेच्या वर, मध्ये स्नेफेल डोंगराचा खांदा. रायडर एकेक करून दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात, म्हणजे झुंज घड्याळाशी. जोईची तिथली सर्वांत वेगवान फेरी 2000 च्या सीनिअर शर्यतीतली, सरासरी ताशी 123.87 मैल. म्हणजे ताशी जवळपास 199 किलोमीटर, एक फेरा सव्वाअठरा मिनिटांत. त्या शर्यतीत तो तिसरा आला होता.

जुने चाहते मात्र 1980 ची क्लासिक शर्यत सांगतात. यामाहाची टीझेड 750, जास्त पेट्रोल मावावं म्हणून बसवलेली भली मोठी टाकी, आणि पहिल्याच फेरीत टाकीचा पट्टा तुटला. उरलेली शर्यत त्याने गुडघ्यांनी टाकी आवळून धरली, जिंकली, आणि वर फेरीचा विक्रमही केला.

आरएक्स 100 चं बोअरिंग करून नवा पिस्टन बसवला. 300 किलोमीटरमध्ये दोनदा इंजिन पकडलं (पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला). मेकॅनिक म्हणतो ऑइल कमी, बोअरिंगवाला म्हणतो माझं काम चोख. कुणाचं खरं मानायचं?
– वाचक, उद्यमनगर

पिस्टनचं. हेड आणि सिलिंडर उतरवा आणि ओरखडे कुठं आहेत ते बघा. पिस्टनच्या घेरावर चार जागी, साधारण समान अंतरावर ओरखडे असतील तर फिटिंग घट्ट आहे, किंवा थंड इंजिन एकदम ताणलंय. पिस्टन लवकर गरम होऊन फुगतो, बीडाचा सिलिंडर मागून. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा ऑइल कमी. पिस्टनच्या डोक्याला भोक किंवा कडा खाल्लेली असेल तर ठिणगीचं टायमिंग पुढं आहे आणि ठोका बसतोय.

फिटिंग मोजताना 50 मिलिमीटरच्या बोअरला चार ते पाच शतांश मिलिमीटर मोकळीक धरा, कारखान्याच्या भाषेत दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत-बाहेर. पिस्टन स्कर्टच्या खालच्या भागात, पिनच्या आडव्या दिशेने मायक्रोमीटर लावून मोजायचा; वरून मोजला तर आकडा फसवा येतो. बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी. रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून फटीत फीलर गेज घाला. बोअरच्या प्रत्येक इंचाला चार थाऊ हा जुना हिशोब, म्हणजे इथं साधारण 0.2 मिलिमीटर. होनिंगनंतर (सिलिंडर आतून बारीक घासल्यावर) पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या खिडक्यांच्या, कडा बारीक घासून बोथट केल्या नसतील तर रिंग तिथं अडकते. पुष्कळ ठिकाणी हे कामच टाळलं जातं. शेवटी सिलिंडर साबणाच्या गरम पाण्याने धुवा. पेट्रोलने होनिंगची भुकटी निघत नाही.

माप बरोबर निघालं तर हवेची गळती शोधा. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील कडक झालं की ते हवा ओढतं आणि मिश्रण पातळ होतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढून पांढरा धूर निघतो, म्हणजे ते लगेच कळतं. मॅग्नेटवालं गुपचूप इंजिन मारतं. ओळख अशी : रेस सोडल्यावर इंजिन पटकन खाली न येता वरच रेंगाळतं. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं रबर दाबून बघा, बारीक चिरा हाताला लागतात. चालू इंजिनवर त्या जागी साबणाचं पाणी लावा. आयडलिंग बदललं तर गळती तिथंच.

आता पेट्रोल. पंपावरचं ई-20 (20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) कार्बोरेटरच्या जुन्या जेटिंगला पातळ पडतं, कारण इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला 14.7 भाग हवा, ई-20 ला साडेतेराच्या आसपास. मेन जेट 100 असेल तर 105 पासून सुरुवात करा. मग फुल रेसमध्ये थोडं पळवून क्लच दाबा, लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. पोर्सिलेनच्या बुडाशी तपकिरी कडं दिसलं तर ठीक. स्वच्छ पांढरं असेल तर अजून पातळ आहे. हे मोकळ्या, सरळ रस्त्यावरच, शहरात नाही.

ऑइल पंप काढून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं तर? मोठ्या शर्यतींत एरंडेल वापरायचे असं ऐकलंय. मेडिकलमधलं एरंडेल चालेल का?
– वाचक, जयसिंगपूर

मेडिकलमधलं नको. शर्यतीच्या टू-स्ट्रोकला एरंडेलाचं ऑइल वापरायचे हे खरं, तो गोड जळकट वास जुन्या चाहत्यांच्या नाकात अजून आहे. उष्णतेत त्याचा थर टिकतो, पण मागं लाखेसारखा चिकट लेप उरतो. शर्यतीचं इंजिन दर आठवड्याला खोलतात, म्हणून तिथं चालतं. रोजच्या गाडीत रिंग खाचेत चिकटून बसेल. मिनरल ऑइलवर चालणाऱ्या गाडीत ते मिसळूही नका.

पंप ठीक असेल तर काढू नका. तो रेसनुसार ऑइल देतो. मिक्समध्ये ते जमत नाही. काढायचाच असेल तर एका लिटरला 25 मिली (40 ला 1), नवा पिस्टन असेल तर पहिले 500 किलोमीटर 33 मिली (30 ला 1). आधी बाटलीत थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल हलवा, मग टाकीत ओता. "जास्त घातलं तर सुरक्षित" हा समज पसरलाय. जास्त ऑइल म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण पातळ. जेट न बदलता 50 मिली घालणारे स्वतःच इंजिन पकडवतात.

पंप किंवा नळी उघडली असेल तर हवा काढल्याशिवाय गाडी चालवू नका. पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. मग टाकीत 25 मिलीचं मिक्स घालून आयडलिंगवर ठेवा आणि पंपाची केबल पूर्ण ओढून धरा, म्हणजे पुढच्या नळीतली हवाही निघते.

चालू गाडीत इंजिन पकडलं तर काय करायचं?
– वाचक, गडहिंग्लज

क्लच दाबायचा, आणि तोही आधी. मागचं चाक लॉक झालं की विचाराला वेळ उरत नाही, म्हणून टू-स्ट्रोकवाले डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवतात. 15 मे 2008 ला जोईचा धाकटा भाऊ रॉबर्ट उत्तर आयर्लंडमधल्या नॉर्थ वेस्ट 200 शर्यतीच्या सरावात गेला, तो 250 चं इंजिन पकडल्यानेच. मिक्स वापरत असाल तर घाट उतरताना रेस बंद ठेवून इंजिन ब्रेकवर लांब उतरू नका. रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि त्यासोबत ऑइलही. मधूनमधून किंचित रेस द्या.

हेल्मेट जोईसारखं पिवळं रंगवायचं आहे.
– वाचक, कागल

पिवळंच विकत घ्या. थिनर आणि स्प्रेचा रंग प्लास्टिकच्या कवचाला आतून ठिसूळ करतो, वरून काहीच दिसत नाही. आयएसआयची खूण बघा. व्हायजर दोन्ही बाजूंना टक्कन बसला का ते रोज तपासा : 2024 च्या टीटीतल्या सुपरबाइक शर्यतीत मायकेल आघाडीवर होता, पिटनंतर व्हायजर नीट न बसल्याने त्याला रस्त्यात थांबावं लागलं आणि शर्यत गेली.

2 जुलैला बिंदू चौक ते पन्हाळा अशी स्मृतिफेरी काढणार आहोत, 20 गाड्या. काय काळजी घ्यावी? वेळ लावून पळायचा विचार आहे.
– वाचक, राजारामपुरी

वेळ लावायची नाही. टीटीला रस्ते कायद्याने बंद करतात. आपल्याकडे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे.

आदल्या दिवशी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. आणि रेडेडोह फुटला की पन्हाळ्याच्या रस्त्यावर पाणी येतं, मग केर्लीपुढं जाण्याचा हट्ट नको. टाकीत पाणी जाऊ देऊ नका : ई-20 मध्ये पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, आणि कॉकमधून तेच आधी कार्बोरेटरला जातं. पार्किंगमध्ये टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी बांधा, निघण्याआधी कार्बोरेटरच्या बाउलचा स्क्रू उघडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. प्लग कॅपमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस, चेनला ऑइल. पाण्यातून गेल्यावर ड्रम ब्रेक पकडत नाही. हलका दाबून शंभरेक मीटर चालवा, तो सुकतो. वाघबीळच्या वळणांआधी हे करून घ्या, वळणात नाही. पुढच्या आणि मागच्या गाडीवाल्याकडे सुटा प्लग, प्लग पाना आणि अर्धा लिटर टू-टी ऑइल असू द्या.