आपल्याच राज्यात रमण्यासाठी
आपल्या राज्यातील भटकंतीला नव्याने सुरुवात करताना आपण नकाशावर घराभोवती साधारण 50 किलोमीटरांचे वर्तुळ आखावे आणि त्यातील एकच टेकडी, तळे किंवा नदीकाठ निवडून तेथे वर्षभर पुन्हा पुन्हा जावे. ऋतूंनुसार पालटणारी एकच जागा पाहून जी ओळख होते, ती दहा ठिकाणे घाईने उरकून होत नाही, असे मला मनापासून वाटते. शक्यतो सुट्टीचा दिवस टाळावा. ग्रंथालयातून स्थानिक इतिहासाचे पुस्तक आणून जरूर वाचावे, कारण रोजच्या वाटेवरील पुलाचे वय कळले, की तीच वाट निराळी दिसू लागते. बसने प्रवास केल्यास गावांची नावे, पिके आणि बोलीतील बारीक फरक आपोआप परिचयाचे होतात. झाडांची नावे मात्र सावकाश शिकावीत. आठवड्याला एक पुरेसे आहे.