ओतानी ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी दहा वर्षांनी का घेणार आहे? डॉजर्सनी त्याला गंडवलं का?

ओतानी हा जपानी बेसबॉलपटू, डॉजर्स हा त्याचा लॉस एंजेलिसचा संघ. संघानं त्याला गंडवलं नाही. उलट ही उधारीची कल्पना ओतानीचीच, असं त्याच्या एजंटानं तेव्हाच जाहीर केलं होतं.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, आमच्या कारखान्यानं उसाचं बिल असं दहा वर्षं लांबवलं असतं तर आम्ही काटा बंद पाडला असता. अगदी बरोबर. मीही सांगली जिल्ह्यातलाच. सहकारी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी ठेवींच्या टेबलावर. आता वर्षातले सहा महिने मुलीकडे, लॉस एंजेलिसजवळ टॉरन्सला असतो आणि जावई डॉजर्सचा वारकरी असल्यामुळे घरात दुसरा विषय नसतो. बेसबॉल मला अजून पुरतं कळत नाही. पण हा करार खेळाचा कमी आणि मुदत ठेवीचा जास्त आहे, म्हणून तोंड घालतोय.

आधी करार काय आहे ते. डिसेंबर २०२३, हंगाम संपलेला, खेळाडूंच्या बाजाराचे दिवस. शोहेई ओतानीनं डॉजर्सशी दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार केला. पण २०२४ ते २०३३ खेळत असताना तो वर्षाला घेणार फक्त २० लाख. उरलेले ६ कोटी ८० लाख दर वर्षाचे, ते २०३४ ते २०४३ या काळात दर १ जुलैला मिळणार. बिनव्याजी. हा शेवटचा शब्द नीट वाचा, सगळी गोम तिथंच आहे.

जावई म्हणाला, "बाबा, सेव्हन हंड्रेड मिलियन!" मी म्हटलं, थांब. इंडियन स्टोअरचं बिल टेबलावर पडलं होतं, ते उलटं करून मांडलं. २०२४ च्या कामाचे ६ कोटी ८० लाख हातात पडणार २०३४ ला. लीगनं, म्हणजे हे सगळे संघ चालवणाऱ्या मेजर लीग बेसबॉलनं, या हिशेबाला ४.४३ टक्के दर धरलाय. त्या दरानं आज ठेव ठेवायची आणि दहा वर्षांनी ६ कोटी ८० लाख मिळवायचे, तर आज लागतात ४ कोटी ४० लाख. वर ते २० लाख रोख. झाले ४ कोटी ६० लाख, गुणिले दहा. म्हणजे ७० कोटींचा करार आजच्या पैशात ४६ कोटींचा. जावयाचा चेहरा जरा उतरला. पण ४६ कोटी डॉलरसुद्धा तेव्हा बेसबॉलमधला सर्वांत मोठा करारच होता, असं सांगून मी त्याला चहा दिला.

मग ओतानीनं हे २४ कोटी का सोडले? कारण बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारावर आयपीएलसारखी टणक मर्यादा नाही. एक रेषा आहे, ती ओलांडली की लीगला दंडासारखा कर भरायचा; मुद्दाम 'लक्झरी टॅक्स' म्हणतात त्याला. २०२४ मध्ये ती रेषा २३ कोटी ७० लाखांवर होती. वारंवार आणि फार पुढे गेलात तर वरच्या प्रत्येक डॉलरवर एक डॉलर दहा सेंटपर्यंत कर. या करासाठी ओतानीचा पगार ७ कोटी धरत नाहीत, ते माझ्या बिलामागचे ४ कोटी ६० लाखच धरतात. शिवाय खेळाडूला देण्याजोगी काही रोख संघाच्या हातात राहते. त्याच महिन्यात डॉजर्सनी योशिनोबू यामामोतो या जपानी पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) १२ वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाखांना घेतलं. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम लढतीत, सहावा सामना जिंकून देणारा आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात पुन्हा पिचिंगला उतरणारा तोच.

डॉजर्सकडे येण्याआधीची सहा वर्षं ओतानी एंजल्स या दुसऱ्या संघाकडे होता. दोन वेळा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू झाला, पण त्या सहा वर्षांत संघ एकदाही प्लेऑफपर्यंत गेला नाही. माणूस तिशीला आलेला. जाहिरातींचे पैसे इतके की २० लाखांच्या पगाराला तो चिल्लर समजत असावा. अशा माणसाला पुढच्या महिन्याच्या हप्त्याची काळजी नसते. त्यानं व्याज सोडून सोबती विकत घेतले. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं डॉजर्स वर्ल्ड सिरीज जिंकले, म्हणजे सौदा त्याच्या दृष्टीनं फिटला.

तुमचा ऊसवाला इथंच वेगळा पडतो. कायद्यानं त्याला १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ते व्याज किती जणांच्या खात्यावर खरोखर पडलं, हे तुम्ही मला सांगा. ओतानी थांबला कारण त्याला थांबणं परवडतं. शेतकऱ्याला थांबवतात.

आता उलटं उदाहरण, माझं लाडकं. न्यूयॉर्क मेट्स हा संघ, खेळाडू बॉबी बोनिया. २००० साली मेट्सना तो नको होता, पण त्या वर्षाचे ५९ लाख देणं होतं. बोनियाचा एजंट मूळचा विम्याच्या धंद्यातला. त्यानं सांगितलं, आत्ता एक पैसा देऊ नका. २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला द्या, आठ टक्के व्याजानं. मेट्स खूश! कारण मालकांचे पैसे बर्नी मॅडॉफ या गुंतवणूकवाल्याकडे होते आणि तिथं आठपेक्षा जास्त सुटत होतं, कागदावर. २००८ च्या डिसेंबरात मॅडॉफचा घोटाळा उघड झाला. बोनियाचा हप्ता मात्र सुरूच आहे: वर्षाला ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर आणि वर २० सेंट. हे २० सेंट मला फार आवडतात. आमच्या टेबलावरचाच कुणीतरी बसला असणार तिथं. मी ताळा करून पाहिला. ५९ लाख आठ टक्क्यांनी अकरा वर्षं वाढवले की होतात सुमारे १ कोटी ३७ लाख, आणि त्याचे पंचवीस समान हप्ते पाडले की हाच आकडा येतो. पंचवीस हप्त्यांची बेरीज जवळजवळ तीन कोटी. २००१ नंतर हा माणूस लीगमध्ये एक चेंडू खेळलेला नाही. अमेरिकेत १ जुलैला लोक 'बॉबी बोनिया डे' म्हणून मजा करतात आणि मेट्सना मूर्ख ठरवतात. मूर्खपणा हप्त्यांत नव्हता. आठ टक्के देऊन बारा टक्के मिळवू, या हावरटपणात होता. आमच्याकडे असे कर्जदार खूप पाहिले.

"पण डॉजर्सच बुडाले तर?" हा तुमचा दुसरा प्रश्न. हसण्यावारी नेऊ नका, खरोखर बुडाले होते. २०११ च्या जूनमध्ये जुन्या मालकाच्या काळात डॉजर्सनी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा विनातारण घेणेकऱ्यांच्या यादीत सर्वांत वर नाव होतं मॅनी रामिरेझ या त्यांच्याच माजी खेळाडूचं. पगाराची उधारी, सुमारे २ कोटी १० लाख. आता नियम असा की संघानं उधारीची आजची किंमत हंगामानंतरच्या दुसऱ्या १ जुलैपर्यंत बाजूला काढून ठेवायलाच हवी. म्हणजे ओतानीपायी दरवर्षी ४ कोटी ४० लाख वेगळे ठेवावे लागतात. 'डॉजर्सना तो फुकटात पडला' म्हणणाऱ्यांना हे दाखवा. त्याशिवाय ओतानीनं एक कलम घातलंय: मालक मार्क वॉल्टर किंवा बेसबॉलचा कारभार बघणारा अँड्र्यू फ्रीडमन, दोघांपैकी कुणी गेलं तर तो करार सोडू शकतो. आम्ही कर्जाला जामीनदार बघायचो, तसं.

एक फायदा कुणी मोठ्यानं बोलत नाही. कॅलिफोर्नियाचा राज्य आयकर वरच्या टप्प्यात १३.३ टक्के आहे. पण १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं, अशी उधारी दहा किंवा जास्त वर्षांत समान हप्त्यांनी मिळत असेल आणि माणूस तेव्हा दुसरीकडे राहायला गेला असेल, तर जुन्या राज्याला त्यावर कर लावता येत नाही. ओतानीचे हप्ते मोजा, बरोबर दहा. राज्याचा हिशेब बघणाऱ्या कंट्रोलर बाईंनी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, हा कायदा बदला म्हणून विनवलंही.

लहान शहरांतले संघ ओरडतात की हा रडीचा डाव आहे. अर्धं पटतं मला. उधारीचा रस्ता तीसही संघांना मोकळा आहे. पण दरवर्षी ४ कोटी ४० लाख बाजूला टाकायला ते असावे लागतात. संघमालक आणि खेळाडूंमधला सध्याचा कामगार करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, तेव्हा पगाराच्या मर्यादेवरून जुंपणार हे नक्की. आणि सगळेच खेळाडू थांबत नाहीत. ओतानीनंतर वर्षभरानं हुआन सोटो या खेळाडूनं मेट्सकडून १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख घेतले, उधारी शून्य. जावई त्याला पैशाचा लोभी म्हणतो. मी म्हणतो, मेट्सचा बोनियाचा अनुभव त्यानं वाचला असेल तर त्यानं उधारी ठेवून बोनियासारखं व्याज मागायला हवं होतं.

१ जुलै २०३४ ला, म्हणजे ओतानीचा पहिला मोठा हप्ता येईल त्याच दिवशी, बोनियाचा शेवटून दुसरा हप्ता असेल. सत्तरी ओलांडलेला बोनिया त्या दिवशी आठ टक्क्यांचे ११ लाख ९३ हजार घेईल, ओतानी शून्य टक्क्यांचे ६ कोटी ८० लाख. जावयाला मी विचारलं, तुला कोणता चेक हवा? तो ओतानीचाच म्हणाला. मग मी बिलाचा तो कागद त्याच्या हातात दिला, कारण त्याच्या पुढच्या बाजूला लिहिलेले सव्वा किलो भेंडीचे पैसे त्यानं मला अजून दिलेले नाहीत.