आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र प्रथमच घेणाऱ्यांसाठी
सांगलीत राहून आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र हा विषय यंदा तुम्ही प्रथमच घेत असाल, तर सुरुवातीला घाई न करता तुलनात्मक लाभाचा सिद्धांत (ज्या वस्तूसाठी इतर वस्तूंचा तुलनेने कमी त्याग करावा लागतो, ती देशाने बनवावी आणि बाकीची व्यापारातून घ्यावी) स्वतः गणित मांडून समजून घ्या, कारण पुढचा बराचसा अभ्यास त्यावरच उभा आहे. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांच्या १८१७ च्या उदाहरणात पोर्तुगालला कापडासाठी ९० आणि मद्यासाठी ८० मजूर लागतात, तर इंग्लंडला अनुक्रमे १०० आणि १२०. म्हणजे दोन्ही वस्तू पोर्तुगालच कमी श्रमात तयार करतो, तरीही व्यापार दोघांच्या फायद्याचा ठरतो. याचे उत्तर पाठ न करता संधी-खर्च (एक वस्तू बनवण्यासाठी दुसरी किती सोडावी लागते ते) काढून शोधा: मद्याच्या एका नगासाठी पोर्तुगालला सुमारे ०.८९ नग कापड सोडावे लागते, इंग्लंडला १.२, आणि मद्य-कापड विनिमयाचा दर या दोहोंच्या दरम्यान ठरतो. आकृत्या रोज काढाव्यात. व्यवहारतोल (देशाच्या परदेशांशी होणाऱ्या सर्व आर्थिक व्यवहारांचा हिशेब) वाचताना जुलै १९९१ मधील रुपयाचे अवमूल्यन समोर ठेवा. हळद आणि बेदाण्याची मोठी बाजारपेठ आपल्याच गावात असल्याने (ही सोय फार थोड्या विद्यार्थ्यांना लाभते) रुपया घसरला की निर्यातदाराच्या पदरात काय पडते, हे मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांना अवश्य विचारा.