स्फटिक, फट आणि फाटणे

प्रश्न असा आहे : संगणकावर घन पदार्थांचे गुणधर्म काढणाऱ्यांनी ‘लॅटिस’ला जाळी म्हणावे की जालक? आणि ‘स्फटिक’पेक्षा ‘क्रिस्टल’ अधिक शास्त्रीय नाही का?

जालक. जाळी खिडकीलाही असते. पण जालक लिहायचे तर नीट लिहा. ‘हिऱ्याचे जालक’ म्हणून कार्बनच्या अणूंचे चित्र दाखवतात, ते ऐकून ऐकून कान किटले. जालक म्हणजे अवकाशातल्या बिंदूंची नुसती मांडणी. बिंदूंना अणू जोडले की ती रचना. हिऱ्यात एकेका बिंदूमागे दोन अणू असतात. जालकाचे प्रकार 14च, रचनांना अंत नाही. संगणकालासुद्धा रचनेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्याच्या बाजू-कोन वेगळे द्यावे लागतात आणि आतल्या अणूंच्या जागा वेगळ्या.

आता ‘क्रिस्टल’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बर्फ! पारदर्शक गारगोटी म्हणजे अतिथंडीने कायमचे गोठलेले पाणी, असे रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले. चुकीच्या समजुतीवर बेतलेला हा शब्द अधिक शास्त्रीय कसा?

‘स्फटिक’कडे या. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या जुन्या यादीत, स्फुट् धातूचे ‘विकसने’ आणि ‘विशरणे’ असे दोन्ही अर्थ आहेत : उमलणे आणि दुभंगणे. स्फट् हा त्याचाच भाऊबंद, आणि त्याच्याच घरचे आपले फाटणे, फाडणे, फट. काहीजण स्फटिकाला ‘स्फुट’ म्हणजे स्पष्ट, या अर्थाकडे ओढतात : आरपार दिसतो म्हणून स्फटिक. मला हे साफ अमान्य आहे. स्वच्छ तर पाणीही असते. माझ्या मते फुटतो म्हणून स्फटिक. स्फटिक म्हणजे मुळात गारगोटी, आणि ती सरळ चिरत नाही, तिचा तुकडा शिंपल्यासारखा वळणदार निघतो, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. तरीही ती फुटतेच, आणि फुटल्यावर जी धार येते ती दगड फोडणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी कळली असणार. हे माझे मत, आणि मी त्यावर ठाम आहे.

कारण पुढे याच फुटण्यातून शास्त्र उभे राहिले. कॅल्साइट हे खनिज कितीही फोडा, त्याच कोनांचे तिरके ठोकळे मिळतात. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ रने-ज्यूस्त आयुईने 1784 साली यावरूनच मांडले की स्फटिक एकसारख्या सूक्ष्म ठोकळ्यांचा रचलेला असतो.

आजचे संगणकी संशोधनही फाडूनच पाहते. वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी 1964-65मध्ये पाया घातलेल्या घनता-फलन सिद्धांताने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढण्याची ही रीत) अखंड स्फटिकाची ऊर्जा काढायची, मग तोच स्फटिक एका प्रतलावर कापून मध्ये पोकळी सोडायची आणि पुन्हा ऊर्जा काढायची. दोहोंतल्या फरकाला क्षेत्रफळाने भागले की फाडायला किती ऊर्जा लागते ते कळते. जिथे ती सर्वांत कमी, तिथे फट पडण्याचा संभव सर्वांत जास्त. 2018 साली संगणकावर पदार्थांचा अभ्यास करणाऱ्या निकोला मार्झारी यांच्या गटाने 1,08,423 ज्ञात संयुगे चाळून त्यांतली 1,825 थराथराने सोलता येतील अशी निवडली. ग्राफाइटमधून ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर, सोलतात, तशी.

हे सगळे ‘फट’ या अक्षरांत आधीच बसलेले आहे, आणि ‘क्रिस्टल’मध्ये बर्फ.