‘अल्तुस’ म्हणजे उंच की खोल?

तुमचं लॅटिन वाक्य होतं ‘पुतेउस अल्तुस एस्त’, तुम्ही त्याचं ‘विहीर उंच आहे’ असं केलंत, ॲपने ते लाल केलं, मग डिक्शनरी उघडलीत तर तिथे पहिला अर्थ उंच आणि लगेच दुसरा खोल. आणि तुम्ही विचारलंय की एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ कसे आणि नेमका कुठला घ्यायचा हे कळणार कसं. थोडं सविस्तर लिहितो, कारण या शब्दाशी माझी बरीच वर्षं ओळख आहे आणि तो मला फार आवडतो.

आधी उच्चार. लॅटिनचा त हा आपल्या त सारखा दंत्य, ट नाही, आणि पहिला अ आखूड. म्हणून अल्तुस. पुल्लिंगी अल्तुस, स्त्रीलिंगी अल्ता, नपुंसकलिंगी अल्तुम, म्हणजे आपलं मोठा, मोठी, मोठं तसंच. मराठी माणसाला हे वेगळं पाठ करावं लागत नाही, इंग्लिशमधून शिकणाऱ्यांना लागतं.

आता मुख्य गोष्ट. ‘परवा’ हा शब्द घ्या. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येईन’. आपण कधी गोंधळतो का? नाही, कारण परवाचा अर्थ मुळात ‘मागे’ पण नाही आणि ‘पुढे’ पण नाही, तो फक्त आजपासून दोन दिवसांचं अंतर सांगतो, दिशा क्रियापद सांगतं. अल्तुसचं अगदी असंच आहे, फक्त ते अंतर काळातलं नसून उभ्या रेषेतलं आहे. उभ्यात बरंच लांबवर गेलेलं ते अल्तुस. वर गेलंय की खाली ते बाकीचं वाक्य सांगतं. डिक्शनरीला बिचारीला दुसऱ्या भाषेत सांगायचं असतं म्हणून ती दोन नंबर घालते, रोमन माणसाच्या डोक्यात ते दोन कप्पे नव्हते.

मला हे पुस्तकातून नाही कळलं, विहिरीत कळलं. आमच्या गावी कुडाळकडे उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचे, मी सातवी-आठवीत असेन, पहिल्यांदाच कपारीत पाय देत देत खाली उतरलो. वर कठड्याला टेकून बघताना ती विहीर खोल होती, काळीशार, दगड टाकला की ‘डुबुक’ ऐकू यायला वेळ लागायचा. आणि तळाशी चिखलात उभं राहून मान वर केली तर तीच विहीर उंच होती, वर थाळीएवढं आभाळ आणि त्यात काकांचं डोकं. आणि तिथे लोक बोलत काय होते, तर ‘चार पुरुस आहे ही’. पुरुस म्हणजे पुरुष, हात वर करून उभ्या असलेल्या माणसाची उंची. म्हणजे खोली मोजायला आपण उंचीच वापरत होतो! पुढे कितीतरी वर्षांनी लॅटिन शिकायला लागलो आणि अल्तुस भेटला तेव्हा मला आधी तो गाळ आठवला.

शब्दाचं मूळ बघितलं की आणखी स्पष्ट होतं. लॅटिनमध्ये ‘अलेरे’ असं क्रियापद आहे, खाऊ घालणे, पोसणे. अल्तुस हे मुळात त्याचंच कर्मणी भूतकाळवाचक रूप, म्हणजे पोसलेला, आणि पोसला म्हणून वाढलेला. मराठीत बघा ना, आई ताट वाढते आणि पोर वाढतं, दोन्हीला आपण ‘वाढणं’च म्हणतो, त्यामुळे खाऊ घालण्यातून वाढ आणि वाढीतून उंची हा प्रवास आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांना अ‍ॅल्युम्नाय म्हणतात तो अलुम्नुस याच घरातला, अर्थ ‘पोसलेलं मूल’. आल्मा मातेर म्हणजे पोसणारी आई, तीही यातलीच. अ‍ॅडॉलेसंट म्हणजे वाढत असलेला आणि अ‍ॅडल्ट म्हणजे वाढून झालेला, दोन्ही इथलेच. जर्मनमध्ये म्हाताऱ्याला ‘आल्ट’ म्हणतात तोही याच कुळातला, आणि आपला ‘वृद्ध’ बघा, वृध् म्हणजे वाढणे, त्यावरून वृद्ध, वाढलेला. वेगळं मूळ, पण विचार तोच.

तर ‘वाढलेलं’ हा अर्थ मनात ठेवलात की उंच आणि खोल यातलं भांडण मिटतं. झाड वर वाढतं, मूळ खाली वाढतं.

आता प्रत्यक्ष वापर. रोमन सेनापती सीझर हा यासाठी सगळ्यात चांगला मास्तर आहे, कारण तो साधं, हिशोबी लिहितो. गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, युद्धावर त्याने जी टिपणं लिहिली त्याच्या पहिल्या भागात, इ.स.पू. ५८ ची हकिगत, हेल्वेती टोळीच्या लोकांना अडवायला तो जिनिव्हाच्या सरोवरापासून जुरा डोंगरापर्यंत १९ रोमन मैल लांब भिंत घालतो आणि तिची ‘अल्तितूदो’ देतो १६ फूट. अल्तितूदो हे अल्तुसचं भाववाचक नाम. इथे अर्थातच उंची. मग चौथ्या भागात, इ.स.पू. ५५, तो ऱ्हाइनवर पूल बांधतो आणि म्हणतो की काम अवघड होतं, कारण नदीची रुंदी, वेग आणि ‘अल्तितूदो’. तोच माणूस, तेच पुस्तक, तोच शब्द, आणि आता तो खोली. पुढच्याच वाक्यांमध्ये लाकडाचे खांब नदीच्या अल्तितूदोच्या मापाने कापले असं येतं, आणि ते मला फार सुंदर वाटतं कारण खांब वर उभा आहे आणि नदी खाली आहे, दोघांचं माप एक. सीझरला कुठेही खुलासा करावासा वाटला नाही. भिंत म्हटली की वर, नदी म्हटली की खाली, विषय संपला.

रोमन कवी व्हर्जिलकडे आलात की मजा वाढते. त्याच्या एनिड या महाकाव्याच्या पहिल्या सातच ओळी घ्या. तिसऱ्या ओळीत नायक एनियास ‘एत तेर्रीस याक्तातुस एत अल्तो’, म्हणजे जमिनीवर आणि ‘अल्तुम’वर हेलकावे खाल्लेला. इथे अल्तुमसोबत दुसरं नामच नाही, ते एकटंच नाम झालंय, अर्थ खोल समुद्र. आणि सातव्या ओळीत ‘अल्ताए मोएनिया रोमाए’, उंच रोमच्या भिंती. चार ओळींच्या अंतरात खोल पाण्यातून निघून उंच शहरापर्यंत, एकाच विशेषणाने. हे त्याने मुद्दाम केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्या माणसाची सगळी गोष्टच समुद्रातून रोमपर्यंतची आहे, आणि मी दरवेळी तिथे थांबतो.

तिथून पुढे २६ व्या ओळीत जुनो देवीच्या मनातला राग येतो, ‘अल्ता मेंते रेपोस्तुम’, खोल मनात साठवून ठेवलेला. इथे तुमच्यासारखे नवीन लोक फसतात, कारण अल्ता बघून वाटतं स्त्रीलिंगी प्रथमा आहे, पण नाही, शेवटचा आ लांब आहे, म्हणजे अ‍ॅब्लेटिव्ह ही वेगळी विभक्ती, ‘खोल मनात’. छापताना मात्रा दाखवत नाहीत म्हणून मोठ्याने, वृत्तात वाचायची सवय करा. आणि २०९ व्या ओळीत एनियास सोबत्यांसमोर चेहरा हसरा ठेवतो आणि ‘प्रेमित अल्तुम कोर्दे दोलोरेम’, दुःख काळजात खोल दाबून धरतो. याचं कुणी ‘उंच दुःख’ किंवा ‘मोठं दुःख’ केलेलं बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, मराठीत ‘खोलवर’ हा इतका नेमका शब्द असताना.

म्हणून भावना, मन, झोप, शांतता, जखम यांच्यासोबत आला की खालीच जा. आणि मराठी करताना दरवेळी ‘खोल’च वापरायला पाहिजे असं नाही. झोप गाढ, शांतता गाढ, जखम खोल, विचार सखोल. घराण्याला लागला तर थोर किंवा जुनं. शब्दाला शब्द लावत बसलात तर भाषांतर मरतं.

आता एक सापळा. बरेच जण शिकवताना सांगतात की नुसतं नाम बघा, डोंगर, झाड, भिंत असेल तर उंच, पाणी असेल तर खोल. नव्वद टक्के चालतं. पण व्हर्जिलच्याच शेतीवरच्या काव्यात, दुसऱ्या भागात, झाडं लावण्याबद्दल सांगताना ‘अल्तिओर’ येतो, अल्तुसचं तुलनेचं रूप, आणि तो झाडाला लागलेला आहे. सगळे करतात ‘अधिक उंच झाड’. चूक! पुढे क्रियापद आहे ‘देफिगितुर’, म्हणजे खाली रोवलं जातं, जमिनीत घट्ट बसवलं जातं. म्हणजे ते झाड जास्त खोल लावायचंय. आणि लगेच पुढे तो सांगतो की हा ओक शेंडा आकाशात जितका वर नेतो तितकंच मूळ पाताळात खाली नेतो. झाड आहे म्हणून उंच, असं धरलं असतं तर शेतकऱ्याने खड्डाच नीट खणला नसता. म्हणून मी परवाचं उदाहरण दिलं, शेवटी क्रियापदाला विचारा. शीड उभारून ‘इन अल्तुम’ निघाले तर भर समुद्रात, पक्षी ‘इन अल्तुम’ उडाला तर वर आकाशात.

लॅटिन बायबलमध्येही हीच जोडी आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत गातात तिथे ‘इन अल्तिस्सिमीस’, परमोच्च ठिकाणी (मिसामध्ये म्हणतात ते ‘इन एक्सेल्सिस’, बायबलच्या पाठात मात्र अल्तिस्सिमीस आहे), आणि पाचव्या अध्यायात येशू सायमनला होडी ‘इन अल्तुम’ ने म्हणतो, खोल पाण्यात, आणि जाळी टाक. स्पॅनिशमध्ये आजही भर समुद्राला आल्ता मार म्हणतात, फ्रेंचमध्ये ओत मेर. हे शब्दशः ‘उंच समुद्र’ असं दिसतं म्हणून लोक लाटांशी संबंध जोडतात, पण तो तिथे जुना खोल अर्थच जिवंत राहिलाय.

आपल्या जवळचं हवं असेल तर पणजीला जा. तिथली टेकडी आल्तिन्यो, पोर्तुगीज ‘आल्तो’चं लाडकं रूप, म्हणजे छोटीशी उंच जागा, टेकाड. मांडवीपलीकडचं आल्तो पर्वरी पण तेच. लॅटिनमधून निघालेल्या अशा भाषांमध्ये येईपर्यंत खोल अर्थ बहुतेक गळून गेला आणि उंचच उरला, समुद्रासारख्या काही ठिकाणी तेवढा टिकला.

उंच उरला म्हणजे सगळीकडे सगळ्यात वर असंही समजू नका. चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो हा बायकांमधला खालचा आवाज, आणि नाव तर ‘उंच’. कारण पंधराव्या शतकात टेनोर या पुरुषी आवाजाच्या जोडीला जो आवाज असायचा, कोंत्रातेनोर, त्याचे दोन भाग झाले, वरचा अल्तुस आणि खालचा बास्सुस, आणि तो वरचा आवाज पुरुषच गायचे. टेनोरच्या वर म्हणून अल्तुस. पुढे तो भाग बायकांकडे आला, त्यांच्यात तो खालचा ठरला, नाव तसंच राहिलं. ढगांचंही तसंच, आल्टोक्युम्युलस हे मधल्या थरातले ढग, साधारण २ ते ७ किलोमीटरवरचे, सगळ्यात वर असतात ते सिरस. परत तेच, कुठून मोजताय ते महत्त्वाचं.

ऑलिंपिकचं ब्रीदवाक्य ‘सितिउस, अल्तिउस, फोर्तिउस’ तुम्ही विचारलंत. ती तिन्ही इथे तुलनेची क्रियाविशेषणं आहेत, अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक जोमाने. फ्रेंच धर्मगुरू फादर दिदों यांनी १८९१ मध्ये शाळेच्या खेळांसाठी वापरलेली ओळ १८९४ मध्ये ऑलिंपिक समितीने घेतली, २०२१ मध्ये त्यात ‘कोम्मुनितेर’, एकत्र, जोडलं गेलं. व्याकरणाने अल्तिउसचा अर्थ ‘अधिक खोल’ही होतो, पण तिथे उडी मारणारा खेळाडू डोळ्यांपुढे आहे त्यामुळे प्रश्न येत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ‘माझा भाऊ उंच आहे’ यात अल्तुस चालेल का. नको. माणसाच्या उंचीला क्लासिकल लॅटिनमध्ये ‘प्रोकेरुस’ जास्त शोभतो, सडपातळ उंच माणसाला, झाडाला तो बसतो. ‘लोंगुस’ही चालतो. रोमन चरित्रकार सुएटोनियस सीझरचं वर्णन करताना ‘एक्सेल्सा स्तातूरा’ म्हणतो, उंच बांध्याचा. हा एक्सेल्सुस म्हणजे वर उचललेला, उन्नत, त्याला खोल हा अर्थ येतच नाही, म्हणून कुठे गोंधळ नको असेल तिथे तो वापरा. आपल्याकडच्या महारुखाचं शास्त्रीय नाव आयलँथस एक्सेल्सा आणि त्याच्या चिनी भावाचं आयलँथस अल्तिस्सिमा, दोन्हीत उंचीच, शब्द दोन. आणि नुसतं खोल म्हणायचं असेल तर ‘प्रोफुंदुस’ आहे, फुंदुस म्हणजे तळ, त्यात नजर तळाकडे, म्हणून तो अथांगाकडे झुकतो.

तुमचं विहिरीचं वाक्य मात्र अल्तुसनेच बरोबर आहे. ते बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातलं आहे, ४:११. शोमरोनी बाई विहिरीपाशी उभी आहे, येशू पाणी मागतो, आणि ती म्हणते, महाराज, तुमच्याकडे ओढायला काही नाही आणि विहीर अल्तुस आहे. ती कठड्याशी उभी आहे, खाली बघतेय. म्हणून ‘विहीर खोल आहे’. ती तळाशी उभी असती तर तुमचं भाषांतर बरोबर ठरलं असतं.