ब्रिटिश पासपोर्ट असला तरी आजोबांच्या शेतात हिस्सा मागता येतो का?

प्रश्न: माझा जन्म लेस्टरचा, पासपोर्ट ब्रिटिश. वडील 1968 साली कळंब तालुक्यातून (जि. धाराशिव) इंग्लंडला आले, 1979 साली ब्रिटिश नागरिक झाले आणि 2019 साली इथेच वारले. आजोबा 2003 साली गावीच वारले. सातबाऱ्यावर फक्त चुलत भावांची नावं आहेत. 'परदेशी माणसाला शेतजमीन मिळत नाही,' असं ते म्हणतात. वडिलांचा भारतीय पासपोर्ट सापडत नाही. ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) आणि हिस्सा मिळेल का?

उत्तर: तुमच्या भावांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. परदेशी नागरिकाला किंवा ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत किंवा बक्षीसपत्राने घेता येत नाही. वारशाची गोष्ट निराळी. आजोबा भारतात राहत होते, म्हणून फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम 6(5) प्रमाणे वडील ब्रिटिश असूनही त्यांचा वारसा शाबूत राहिला.

पेच पुढे आहे. तुम्हाला वारसा येतो तो वडिलांकडून, आणि ते परदेशी राहणारे. अशा व्यक्तीकडून वारशाने स्थावर मिळवण्याची मुभा 2019 च्या फेमा नियमांत अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना आहे. नुसत्या परदेशी पासपोर्टवर फेरफाराला (सातबाऱ्यावरची नावं बदलणाऱ्या नोंदीला) गेलात, तर पहिल्याच हरकतीत अर्ज अडकेल. म्हणून आधी कार्ड, मग वारस नोंद.

पासपोर्ट हरवला म्हणून कार्डाची वाट बंद होत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम 7अ मध्ये, 15 ऑगस्ट 1947 नंतर भारतात आलेल्या प्रदेशातली व्यक्ती आणि तिची मुलं, नातवंडं, पतवंडं पात्र धरली आहेत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झाला, म्हणजे हे कलम तुमच्या घराला थेट लागू होतं. सिद्ध एवढंच करायचं, की ते घर त्या मातीतलं आणि तुम्ही त्या घरातल्या.

तुमचा जन्मदाखला लांब नमुन्याचा काढा. इंग्लंडच्या छोट्या नमुन्यावर आई-वडिलांची नावं नसतात आणि तो हमखास परत येतो. दाखल्यावर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्यासाठीचं सरकारी प्रमाणन) घ्या. वडिलांसाठी गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागवा. त्यात वडिलांचं नाव आणि बहुतेकदा जन्मगावही असतं. सोबत त्यांचं ब्रिटिश नागरिकत्वाचं प्रमाणपत्र जोडा. आजोबांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातून 1954-55 चं खासरा पत्रक, पाहणी पत्रक (हे दोन्ही जमिनीचे जुने महसुली कागद) आणि मिळाल्यास 1951 ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही, या सगळ्यांच्या प्रमाणित नकला काढा. झेरॉक्स चालत नाही.

खरा घोळ नावांत होतो. निजामाच्या काळातले कागद बऱ्याचदा उर्दूत किंवा मोडीत असतात आणि त्यात आडनाव नसतं. 'मारोती वल्द गणपती' एवढीच नोंद. वल्द म्हणजे मुलगा. शाळेत 'बाबू मारोती', ब्रिटिश कागदावर 'बाबुराव जाधव', असं झालं की अधिकारी दोन माणसं धरतो. अशा वेळी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करतात, पण त्याला दोन्ही नावं जोडणारा एखादा जुना कागद लागतोच. आजोबांच्या वारसाचा फेरफार, कुळाची नोंद, सोसायटीचं कर्जखातं, काहीही चालेल. सन फसली (निजामाच्या काळातली महसुली कालगणना) असेल तर त्यात 590 मिळवा, इसवी सन साधारण निघतं. गावात जमिनींचं एकत्रीकरण झालं असेल तर जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर जुळवणारा उतारा घ्या, नाहीतर खासरा आणि सातबारा एकाच जमिनीचे आहेत हे दिसणार नाही. स्टँपपेपरवरची वंशावळ या कागदांना आधार देते, त्यांची जागा घेत नाही.

आता जमीन. 2003 नंतर भावांच्या नावाचा फेरफार कोणत्या अर्जावर झाला, त्याची नक्कल काढा. त्यात तुमच्या वडिलांना वारस दाखवलंच नसेल, तर ती तुमची भक्कम बाजू आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांचा मानला जातो, पण भावांनी तुमचा हक्क उघडपणे नाकारला असेल तर 12 वर्षांची मुदत मोजावी लागते. 'मिळत नाही' हे त्यांनी कधी आणि कसं कळवलं, तो संदेश जपून ठेवा.

तहसीलला हरकत आली तर हिश्शाचा वाद तिथे सुटत नाही. दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि विक्रीला मनाईचा अर्ज करा. आत्या, आई, भावंडं यांना पक्षकार करायला विसरू नका, त्यांचेही हिस्से आहेत. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर आधी ते दाखवा.

गावी कुणाला मुखत्यारपत्र देणार असाल तर त्यात विक्रीचा अधिकार लिहू नका. ते इंग्लंडमध्येच नोटरी आणि अपोस्टिल करून पाठवा आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा.