वाचकांचे प्रश्न : माळावरची गाडीवाट आणि वाफसा

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेली, उंच बांधणीची डिझेल गाडी आहे, परंतु ती फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आणि वडिलांना घेऊन बालाघाट डोंगररांगेच्या माळावरील गाडीवाटेने आमच्या खंडोबाच्या देवळापर्यंत जावे, असे मनात आहे. फोर बाय फोर नसेल तर त्या वाटेला जाऊच नये, असे मित्र सांगतात. आपले मत काय?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ज्या वाटेवरून परवापर्यंत बैलगाडी जात होती आणि आज ट्रॅक्टर जातो, त्या वाटेवर कोरड्या दिवसांत आपली गाडी निश्चित जाईल. माळाचा मुरूम चाकाला धरून ठेवतो, चढही बेताचे असतात. आपल्याला अडवणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, माती आणि गवत, आणि त्या दोन्ही बाबतीत फोर बाय फोरचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळच कमी होतो.

आधी माती पाहू. माळावर मुरूम असला तरी तिथवर पोहोचणारी पाणंद बहुधा काळ्या रानातून जाते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांत भरून बसते, चाक गुळगुळीत होते आणि मग दोन चाके फिरली काय किंवा चार फिरली काय, गाडी जागीच घसरते. काही वर्षांपूर्वी आश्विनातल्या एका सरीनंतर मी अशाच पाणंदीत गाडी घातली होती. शंभर पावलांत चाके एवढी गोळा झाली की चिखल वरच्या पत्र्याला घासू लागला आणि चाके फिरेनाशी झाली. शेजारच्या रानातील एक वयस्कर शेतकरी आले, त्यांनी मूठभर माती दाबून तिचा गोळा केला आणि बांधावर टाकला. गोळा फुटला नाही. “वाफसा न्हाई अजून. उद्या दुपारी या,” एवढेच ते म्हणाले. वाफसा म्हणजे ओल ओसरून माती पेरणीजोगी होणे. पेरणीसाठी जी परीक्षा आपले वाडवडील करत आले, तीच गाडीसाठी करावी. गोळा पडल्यावर भुगा झाला तर पुढे जावे, चेपून तसाच राहिला तर पाणंदीच्या तोंडाशीच गाडी उभी करून देवळापर्यंत चालत जावे.

गवताची बाब अधिक गंभीर आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. दिवाळीच्या सुमारास कुसळी पिकून पिवळी पडलेली असते. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर हेच गवत गुडघाभर वाढते, गाडीच्या पोटाला घासत जाते आणि सायलेन्सरच्या आसपास अडकून बसते. आपली गाडी दोन वर्षांची म्हणजे धुराच्या प्रदूषणाविषयीच्या बीएस-६ मानकांची आहे. डिझेलच्या अशा गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते आणि साचलेली काजळी जाळून टाकताना त्या गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. वाळल्या गवताला पेट घेण्यासाठी इतक्या उष्णतेची गरजही नसते. एकदा जळका वास आला म्हणून मी खाली वाकून पाहिले, तर सायलेन्सरच्या वरच्या पत्र्यात मूठभर कुसळी गच्च बसली होती आणि तिची कड तपकिरी होऊन कुरकुरीत झाली होती. आणखी अर्ध्या तासाने काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून मधले गवत उंच असेल तर एक बाजूची चाके उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाकोरीबाहेर, अशी गाडी न्यावी. मात्र ती बाहेरची जागा आधी पायी पाहून घ्यावी, कारण गवतात दगड लपतात, खोकडांची बिळे लपतात आणि आपल्याकडे बिनकठड्याच्या जुन्या विहिरीही लपतात. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून गाडीखाली पाहावे, आणि काठीने गवत काढावे. हात घालू नये, पत्रा तापलेला असतो. गाडी उभी करायची ती उघड्या मुरमावर किंवा खडकावर, गवतावर कधीही नाही. गाळणी साफ होत असल्याचा दिवा लागलेला असेल तर माळावर उतरूच नये, डांबरी रस्त्यावर ते काम पूर्ण होऊ द्यावे. सोबत दहा लिटर पाणी, फावडे आणि कोरड्या पावडरीचे एक लहान अग्निशामक नळकांडे असावे.

बाकीचे थोडक्यात सांगतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच न धरता, बैलगाडीपेक्षा थोड्याच अधिक वेगाने चालवावे. टायरमधील हवा ३३ पीएसआय असेल तर ती २६-२७ वर आणल्यास धक्के कमी बसतात. त्याहून कमी करण्याचा मोह नको, मुरमातील धारदार दगड टायरची बगल फाडतात. परत डांबरीवर आल्यावर हवा भरून घ्यावी. आणि जाण्यापूर्वी गावात चौकशी करावी. माळाचा एखादा तुकडा गायरान असतो, एखादा खाजगी, तर एखादा वन विभागाचा, आणि पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यासारख्या ठिकाणी परवानगीशिवाय प्रवेश हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग ठरतो.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहते. येत्या जूनमध्ये आम्ही तिच्याकडे जाणार आहोत आणि जावईबापूंचा बेत भाड्याच्या गाडीतून पॉनी नॅशनल ग्रासलँड दाखवण्याचा आहे. तिथल्या कच्च्या वाटा आम्हा साठीच्या माणसांना झेपतील का?
– एक वाचिका, नांदेड

उत्तर : आपल्याला झेपतील, भाड्याच्या गाडीच्या कराराला झेपतील का, हे जावईबापूंनी आधी वाचून घ्यावे, कारण अनेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते.

पॉनीचा विस्तार सुमारे १,९३,००० एकर आहे, पण तो सलग नाही. १९३० च्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळे यांमुळे त्या मुलखातील कित्येक शेतकरी जमिनी सोडून गेले, सरकारने त्यांतील बऱ्याच विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणल्या, आणि १९६० मध्ये अशा क्षेत्रांना राष्ट्रीय गवताळ प्रदेशांचा दर्जा मिळाला. जे विकून गेले नाहीत त्यांच्या जमिनी मध्ये मध्ये तशाच राहिल्या. (१९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हा इतिहास परका वाटणार नाही.) त्यामुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो, वाटेत कुंपणाची फाटके लागतात आणि नियम असा की फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवूनच पुढे जायचे. गाड्यांना कोणत्या वाटा मोकळ्या आहेत, हे वन खात्याच्या नकाशात दिलेले असते. त्याबाहेर गवतात गाडी घालता येत नाही.

तेथील गवत आखूड जातीचे, बहुतांश ठिकाणी घोट्याच्या आसपास असते, त्यामुळे गाडीखाली ते आपल्या कुसळीइतके अडकत नाही. परंतु तिथल्या अनेक वाटांवरची माती आपल्या काळ्या मातीसारखीच वागते. ओली झाली की तीही चाकाला चिकटते, आणि जूनमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस आणि गारा तिथे नित्याच्या आहेत. सकाळी लवकर जाऊन दुपारपूर्वी पक्क्या रस्त्यावर परतावे. मुठीतला गोळा तिथेही खोटे बोलणार नाही.

तेथील प्रसिद्ध सुळके सुमारे ३०० फूट उंच आहेत. त्यांच्या कड्यांवर शिकारी पक्ष्यांची घरटी असल्याने कड्यांलगतचा भाग दरवर्षी १ मार्च ते ३० जून बंद असतो. आपण जूनमध्ये जात असल्याने दुर्बीण न्यावी. वाटेवरून चाक खाली उतरवू नये याचेही कारण तेच आहे, कारण आपली टिटवी जशी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तसेच तिथले माळटिटवीच्या कुळातील पक्षी घालतात आणि ती अंडी गाडीतून दिसत नाहीत.

प्रश्न : माळावरून आल्यावर गाडी नेहमीपेक्षा लवकर तापते. रेडिएटरमध्ये कुसळे दिसतात. सर्व्हिस सेंटरमध्ये जोराच्या पाण्याने धुवावे का?
– एक वाचक, औसा

उत्तर : नको. जोराच्या धारेने रेडिएटरच्या बारीक पात्या वाकतात आणि कुसळे आणखी आत रुततात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलकी हवा मारावी, मग साध्या नळीने पाणी सोडावे. उरलेली कुसळे मऊ ब्रशने, पात्यांच्या दिशेनेच काढावीत. पुढच्या खेपेला निघण्यापूर्वी जाळीच्या आतून डासांची बारीक जाळी बांधावी आणि माळावरून उतरताच ती सोडून ठेवावी, नाहीतर डांबरीवर हवा कमी पडून गाडी पुन्हा तापेल.